वेळासच्या वाळूवर शिकलेली यतना

व्यापारी घरात मार्च महिना सुट्टीचा नसतो. वर्षअखेरीचे हिशेब, कर सल्लागारांचे फोन, उधारीच्या याद्या आणि शिल्लक मालाची मोजदाद यांत दिवस कधी उगवला आणि कधी मावळला हेही कळत नाही. त्यामुळे, “कासवांची पिल्ले पाहायला कोकणात जाऊ या,” असे आमच्या लेकीने सुचविले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो नकाराचाच. परंतु २०२४ साली होळी रविवारी, २४ मार्चला आली. सोमवारी धुळवडीला बाजारपेठ बंदच राहणार होती. लेकीने दिनदर्शिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “बाबा, फक्त शनिवारचाच प्रश्न आहे.” धाकटा भाऊ म्हणाला, “शनिवार मी सांभाळतो, तुम्ही जा.” अशा रीतीने आई, मी, सौ., लेक आणि आठ वर्षांचा पुतण्या असे पाचजण शनिवारी पहाटे कराडहून निघालो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड आणि मंडणगड असा प्रवास करून दुपारी वेळासला पोहोचलो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीजवळ वसलेले हे लहानसे गाव. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव म्हणून इतिहासप्रेमींना ते माहीत होतेच. गेल्या दोन दशकांत मात्र ते कासवांचे गाव म्हणून सर्वदूर ओळखले जाऊ लागले आहे. ‘ऑलिव्ह रिडले’ जातीच्या सागरी कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येतात, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवितात आणि समुद्रात परत जातात. माता आपल्या पिल्लांना पुन्हा कधीच पाहत नाही. पुढचे दीड ते दोन महिने ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात.

मला पंधरा वर्षांपासून छायाचित्रणाचा छंद आहे. कापडाच्या दुकानात दिवसभर रंग आणि पोत पाहणाऱ्या माणसाला हा छंद जडावा यात नवल नाही. या प्रवासासाठी मी चारशे मिलिमीटरची लेन्स खास साफ करून घेतली होती. मनात एक चित्र पक्के होते: मावळत्या सूर्याच्या प्रकाशात एकाच वेळी उडालेला समुद्रपक्ष्यांचा थवा. त्या चित्राने मला जे शिकविले, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

उडालेला थवा

ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकूंना आम्ही आधीच दूरध्वनीवरून कळविले होते की कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि जेवण सूर्यास्तापूर्वी लागते. त्यांनी तांदळाची भाकरी, मुगाची आमटी, केळफुलाची भाजी आणि लसणाविना केलेली सोलकढी असे जेवण सव्वापाचलाच वाढले. “संध्याकाळी पिल्ले सोडायची वेळ आणि तुमची जेवणाची वेळ एकच. म्हणून आधीच केलं,” असे त्या सहजपणे म्हणाल्या. आमच्या नियमाची आम्हांला जेवढी काळजी होती, तेवढीच त्यांनी केली. आईने त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा आभाराचे शब्द उच्चारण्याची गरजच उरली नाही.

सुरुच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो. पौर्णिमा जवळ आलेली असल्याने ओहोटी मोठी होती आणि ओली वाळू दूरवर आरशासारखी पसरली होती. त्या वाळूवर दीड-दोनशे कुरव पक्षी वाऱ्याकडे तोंड करून शांत बसले होते. त्यांच्या कडेला छोटे चिखल्या पक्षी दोन पावले धावत, थांबत, पुन्हा धावत. सूर्य क्षितिजापासून दोन हात वर. मला हवे असलेले सगळे जुळून आले होते. उणीव एवढीच, की पक्षी उडत नव्हते.

मी पुतण्याला म्हणालो, “बाळा, त्या बाजूने धावत जा बरे.”

मुलाला आणखी काय हवे असते? तो हात पसरून ओरडत धावला. थवा एकदम उठला. सोनेरी प्रकाशात दोनशे जोड पंख उघडले आणि मी सेकंदाला दहा या वेगाने बटण दाबत राहिलो. चित्रे अप्रतिम आली. पक्षी समुद्रावरून वळसा घेऊन पुन्हा वाळूवर उतरले. मी पुतण्याला पुन्हा पाठविले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी थवा उतरलाच नाही, दक्षिणेकडे निघून गेला.

बाजूला एक गृहस्थ उभे होते. पायांत रबरी चपला, खांद्यावर टॉवेल, वय पन्नाशीच्या पुढे. ते गावातील कासवमित्र होते, हे नंतर कळले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “शेठ, ते पाव्हणे आहेत. आता त्यांची परत जायची वेळ आली आहे. खाऊन-पिऊन, विश्रांती घेऊन मग निघायचे असते त्यांना.”

मी काहीच बोललो नाही. त्यांनी मला कॅमेऱ्यातील चित्र मोठे करून पाहायला सांगितले. पांढऱ्या डोक्यांवर तपकिरी रंग चढू लागला होता; काहींचे डोके अर्धे झाले होते, काहींचे पूर्ण. हे तपकिरी डोक्याचे कुरव. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर राहतात आणि उन्हाळ्यात लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी जाऊन वीण करतात. डोक्यावर चढणारा तो रंग म्हणजे परतीच्या प्रवासाची तयारी. हिमालय ओलांडण्यासाठी जी चरबी अंगी साठवायची असते, ती याच दिवसांत. प्रत्येक वेळी घाबरून उडताना त्या साठ्यातून खर्च होतो, आणि तो पुन्हा भरून काढायला तेवढा वेळ चरावे लागते.

आई मागे उभी राहून सगळे ऐकत होती. आमच्या दुकानासमोरच्या ओट्यावर ती गेली चाळीस वर्षे रोज सकाळी पक्ष्यांना ज्वारी टाकते. दाणे टिपणाऱ्या पारव्यांजवळून जाताना ती पदर आवरून घेते, की वाऱ्याने ते दचकू नयेत. ती म्हणाली, “दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला कुणी हाकलून लावतं का रे? आणि तेही लहान मुलाच्या हातून?”

तिचे शेवटचे शब्द मला अधिक लागले. करणे, करविणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे, या तिन्हींनी कर्मबंध होतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी स्वतः एक पाऊलही धावलो नव्हतो. एका अजाण मुलाकडून करवून घेतले होते, आणि त्याला शाबासकीही दिली होती.

रिकामी टोपली

त्या संध्याकाळी कासवांची पिल्ले निघालीच नाहीत. वेळासला सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या संवर्धन केंद्रात तशाच खोलीच्या खड्ड्यांत ठेवली जातात आणि प्रत्येक खड्ड्यावर दिवस भरत आले की वेताची टोपली पालथी घातली जाते. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील तर समुद्राजवळ सोडतात. नसतील तर टोपली पुन्हा ठेवतात. त्या दिवशी एकेक करून सगळ्या टोपल्या उचलल्या गेल्या. खाली नुसती वाळू. दोरीमागे उभ्या असलेल्या गर्दीतून कुणीतरी म्हणाले, “एवढ्या लांबून आलो, पैसे वाया गेले.”

मी तसे म्हणालो नाही. परंतु मनात तसाच विचार आला होता हे कबूल करायला हवे. पैसे दिले की माल मिळालाच पाहिजे, ही आपली सवय. निसर्गाशी मात्र असा सौदा होत नाही. ज्यावर आपला हक्क नाही ते मिळाले, तरच कृतज्ञतेला अर्थ.

परतताना त्या कासवमित्रांशी बोलणे झाले. त्यांनी सांगितले, की पूर्वी किनाऱ्यावरची माणसे ही अंडी काढून नेत, खात आणि विकतही. माणसांच्या हातून जी सुटत, ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने येथे संवर्धनाचे काम आरंभिले, ग्रामस्थ आणि वन विभाग त्यात सामील झाले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे येऊ लागले, घराघरांत त्यांची राहण्या-जेवण्याची सोय होऊ लागली, चार पैसे गावात राहू लागले. वाळूवरचा मादीचा माग ओळखण्याचे कौशल्य तेच. पूर्वी ते अंडी नेण्याच्या कामी येई, आता राखण्याच्या कामी येते.

व्यापारी म्हणून मला यातली व्यवस्था फार मोलाची वाटली. केवळ उपदेशाने दया टिकत नाही. तिला रोजच्या जगण्याचा आधार लागतो. आपल्या पूर्वजांनी पांजरपोळ उभे केले, तेव्हा त्यांनी चाऱ्याची, पाण्याची, राखणदाराच्या पगाराची तजवीज केली, वर्षाच्या वर्षाला हिशेब ठेवले. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात जखमी पक्ष्यांचे रुग्णालय चालते, तेही अशाच व्यवस्थेवर. वेळासच्या लोकांनी कासवांसाठी तेच केले आहे.

आणि येथे मला आणखी एक गोष्ट अंतर्मुख करून गेली. त्या गृहस्थांच्या घरी मासळी शिजते. त्यांनी ते लपविले नाही. परंतु अंडी घालण्याच्या हंगामात हाच माणूस पहाटे तीन वाजता उठून किनारा चालतो, थंडीत, एकटा, हाती विजेरी घेऊन. आणि मी, पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तानंतर घास न घेणारा, त्याच किनाऱ्यावर एका चित्रासाठी दोनशे जीवांची विश्रांती तीनदा मोडून बसलो होतो. आपले व्रत कमी दर्जाचे आहे, असे मला म्हणायचे नाही. परंतु हिंसा न करणे ही अर्धी वाट आहे आणि अभय देणे ही उरलेली अर्धी. सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले जाते, ते उगाच नव्हे. उरलेली अर्धी वाट तो माणूस रोज चालत होता. अनेकांत म्हणजे केवळ व्याख्यानात ऐकायचा शब्द नाही, हे मला तेव्हा समजले.

सकाळची आठ पावले

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा दोरीमागे उभे होतो. चौथी टोपली उचलली आणि खाली काहीतरी हलले. तळहातापेक्षाही लहान, करड्या-काळ्या रंगाची आठ पिल्ले. अंगावर अजून वाळू चिकटलेली. स्वयंसेवकांनी ती पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूत ठेवली. पाण्यात नेऊन सोडत नाहीत. समुद्रापर्यंतची ती वाट पिल्लाने स्वतः चालायची असते. मोठ्या झालेल्या माद्या, ज्या भागातील किनाऱ्यावर त्या जन्मल्या, त्याच भागात अंडी घालायला परत येतात. त्या ओळखीची सुरुवात या पहिल्या चालीपासून होते, असे अभ्यासक मानतात. उजळलेल्या क्षितिजाच्या दिशेने चालत राहावे, एवढे ज्ञान ती जन्मतःच घेऊन येतात. म्हणूनच तिथे फ्लॅशला बंदी, विजेरीला बंदी. कृत्रिम प्रकाश दिसला की पिल्लू वाट चुकते आणि जमिनीकडे वळते.

लेकीने कॅमेरा डोळ्याला लावला होता. सात पिल्ले पहिल्या-दुसऱ्या लाटेबरोबर गेली. आठवे मागे राहिले. चार पावले चालायचे, थांबायचे, मान टाकायचे. एका लाटेने त्याला उचलून उलटे टाकले. पांढुरके पोट वर, चारही वल्ही हवेत. लेकीच्या तोंडून “आई गं!” निघाले आणि ती दोरीखालून पुढे जाऊ लागली. शेजारच्या स्वयंसेविकेने हलकेच तिचा हात धरला. “थांब, त्याला त्याचं करू दे. दुसऱ्या लाटेला नाही जमलं तर मी आहे.”

तेवढा वेळ फार मोठा वाटला. आईचे ओठ हलत होते. ती नवकार म्हणत होती. लेकीने कॅमेरा खाली सोडला, तो गळ्यात लोंबकळत राहिला, आणि तिचे दोन्ही हात नकळत जोडले गेले. दुसरी लाट आली. पिल्लू उलथून सरळ झाले, फेसात दिसेनासे झाले, पुन्हा एकदा काळा ठिपका दिसला आणि मग समुद्र नुसता समुद्र राहिला.

मी लेकीला म्हणालो, “अगं, तुझं चित्र राहिलं.”

“राहू दे,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने खाली वाकून वाळूवर उमटलेल्या मागाचे एक चित्र घेतले. दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे बारीक ठसे, मध्ये पोट घासत गेल्याची रेघ, आणि जिथे पाणी लागले तिथे माग संपलेला.

आईने सांगितले, “मुनिसुव्रत स्वामींचं लांछन कासव आहे, माहीत आहे ना?” विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत स्वामी यांच्या प्रतिमेखाली कोरलेले कासव आम्ही मंदिरात कितीदा तरी पाहिले होते. त्या दिवशी ते प्रथमच चालताना पाहिले.

घरी परतताना पुतण्याने एक प्रश्न विचारला, तो मोठ्यांनाही सुचला नव्हता. “आजी, टोपली ठेवली म्हणून कोल्ह्याला अंडी मिळाली नाहीत. मग तो उपाशी राहिला का?” आई क्षणभर थांबली. म्हणाली, “कोल्ह्याचं भलं चिंतायला तू विसरला नाहीस, हे चांगलं झालं.” नंतर कासवमित्रांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा ते हसले. “कोल्ह्याशी आमचं भांडण नाही. माणसानं इतकी अंडी नेली, इतकी कुत्री किनाऱ्यावर आणली, की कोल्ह्याचा वाटा द्यायला कासवांकडे काही उरलंच नाही. एकदा पिल्लू पाण्यात गेलं की पुढं मासे आहेत, पक्षी आहेत. तिथं आम्ही टोपली घेऊन जात नाही.” हजारांतून एखादेच पिल्लू मोठे होते असे म्हणतात. माणसाने केलेली तूट माणसाने भरून द्यावी आणि पुढचे निसर्गावर सोडावे, एवढीच त्यांची भूमिका. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, ते जुने देणे फेडत आहेत.

शंख, निवटी आणि एक पिशवी

दुपारी बाणकोटच्या किल्ल्यावरून सावित्रीच्या मुखाचे दर्शन घेतले आणि उतरत्या उन्हात खाडीकाठी गेलो. खारफुटीच्या मुळांत चिखलावर निवटी उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर वावरणारा हा जीव पाहून पुतण्या हरखून गेला. किनाऱ्यावर त्याने मूठभर शंख गोळा केले होते. आईने त्याला खाली बसविले आणि एकेक शंख वाळूवर ठेवायला सांगितला. दोन मिनिटे कुणी हलायचे नाही. त्यांतील तीन शंखांना पाय फुटले आणि ते चालू लागले.

शंखातील जीवाला आपण द्वींद्रिय म्हणतो. स्पर्श आणि रस एवढीच त्याची इंद्रिये. तो गेल्यावर रिकामे झालेले ते घर खेकड्याची एक जात आपल्या मऊ शरीरासाठी वापरते आणि शरीर वाढले की मोठा शंख शोधते. आपण शोभेसाठी उचलून आणलेला प्रत्येक रिकामा शंख हे कुणाचे तरी न मिळालेले घर असू शकते. जीवांनी परस्परांच्या उपयोगी पडावे, हे आपल्या धर्माचे सूत्र. येथे मृत जीवाचे कवचही जिवंताच्या उपयोगी पडत होते. पुतण्याने सगळे शंख होते तिथे नेऊन ठेवले. माझ्याकडून शिकलेले तो इतक्या लवकर विसरला, याचे मला मनोमन समाधान वाटले.

तिथेच, भरतीच्या रेषेवर अडकलेल्या कचऱ्यात, जाळ्यांचे तुकडे आणि बाटल्यांमध्ये मला एक पातळ पिशवी दिसली. आमच्या दुकानाची नव्हती, पण अगदी तशीच होती. पाण्यात तरंगणारी अशी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळते. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे. तरीही “गिऱ्हाईक मागतं” असे म्हणत आम्ही गल्ल्याखालच्या खणात एक गठ्ठा ठेवत होतो. मी ती पिशवी उचलून खिशात घातली. सौ.ने पाहिले, पण काही बोलली नाही.

अठ्ठेचाळीस मिनिटे

सोमवारी पहाटे गावात शिमग्याचे ढोल वाजत होते. मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. पक्षी पुन्हा आले होते, पण थवा लहान होता. मी दूरवरच थांबलो, गुडघे टेकले, मग पोटावर आडवा झालो. आडवे होण्यापूर्वी वाळू नीट न्याहाळली, कारण खेकड्यांनी तिथे वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव पाहावा, चालताना पायांखाली पाहावे, या समितींचे पालन साधू-साध्वी आयुष्यभर करतात. गृहस्थाने निदान समुद्रकाठी तरी करावे.

मनाशी ठरविले, की दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, जागचे हलायचे नाही. ती सामायिक नव्हती, कारण हाती कॅमेरा होता आणि मनात इच्छा होती. तरी स्थिर बसण्याची सवय सामायिकनेच दिली होती. पहिली वीस मिनिटे काहीच घडले नाही. मग चिखल्या पक्षी धावत-थांबत जवळ येऊ लागले. एक तर इतक्या जवळ आला, की चारशेच्या लेन्सला त्याच्यावर नजर स्थिर करता येईना. त्याने एक पाय पोटात घेतला, चोच पिसांत खुपसली आणि डोळा मिटला.

माझ्यासमोर, माझ्या भरवशावर, एक रानटी पक्षी झोपी गेला. पंधरा वर्षांत एवढा मोठा सन्मान मला कुणी दिला नव्हता. मी एकच चित्र घेतले आणि बटणाचा आवाजही त्याला होऊ नये म्हणून पुढची सगळी वेळ नुसता पाहत राहिलो.

वाचक बंधू-भगिनींनो, सुट्टीत आपणही कॅमेरा वा मोबाइल घेऊन समुद्रकाठी जाल. चार गोष्टी अनुभवाने सांगतो. पक्षी मान उंचावून आपल्याकडे पाहू लागले किंवा चालत दूर सरकू लागले, की तिथेच थांबावे. तो त्यांचा नकार असतो. पक्ष्याच्या मागे जाऊ नये, त्याच्या वाटेवर बाजूला बसून राहावे. सूर्य पाठीशी घ्यावा आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा. चित्र आपोआप चांगले येते. घरटे, अंडी आणि पिल्ले यांच्याजवळ फ्लॅश कधीही वापरू नये आणि घरट्याचा ठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये. कासवाचे पिल्लू तळहातावर घेऊन चित्र काढण्याचा मोह टाळावा. वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आहे, आणि कायदा नसता तरी आपल्याला वेगळे कारण लागू नये. यालाच आपल्याकडे यतना म्हणतात. आपण ती चुलीजवळ पाळतो, पाणी गाळताना पाळतो. पाहतानाही ती पाळायची असते, हे मला पन्नाशीत कळले.

भिंतीवरचे चित्र

परतल्यावर एप्रिलमध्ये महावीर जन्मकल्याणकाचा उत्सव होता. आमच्या संघाने ‘जीवदया’ या विषयावर छोटे चित्रप्रदर्शन ठरविले होते. उडालेल्या थव्याचे चित्र मी प्रवासातच नातेवाइकांना पाठविले होते. ते सगळीकडे फिरले होते आणि कार्यकर्त्यांनी प्रवेशद्वाराशी लावण्यासाठी तेच मागितले. मी नाही म्हणालो. का, असे विचारल्यावर चारचौघांत खरे कारण सांगावे लागले. थोडा वेळ सगळे शांत होते. मग एक वयोवृद्ध श्रावक म्हणाले, “मग दुसरे कुठले देता?”

लेकीचे वाळूवरच्या मागाचे चित्र दिले. तांत्रिकदृष्ट्या त्यात अनेक उणिवा आहेत. प्रकाश कमी, एक कडा तिरपी. प्रदर्शनाला आलेला जो तो विचारी, “यात कासव कुठे आहे?” लेक उत्तर देई, “समुद्रात.”

गल्ल्याखालचा तो खण रिकामा झाला आहे. कटपीसच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या आता सौ. आणि शेजारच्या दोन भगिनी शिवतात. खर्च वाढला, हे खरे. काही गिऱ्हाइके कुरकुरली, हेही खरे. तो खर्च कोणत्या खाती लिहावा असे मुनिमांनी विचारले, तेव्हा आई म्हणाली, “जुनी बाकी म्हणून लिहा.”

थव्याचे ते चित्र मी पुसून टाकलेले नाही. पुसले असते तर चूकही विसरलो असतो. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना आजवर डोळ्यांपुढे कुणीच येत नसे. ‘सर्व जीव’ हा फार मोठा शब्द आहे, त्यात चेहरे दिसत नाहीत. आता संवत्सरीच्या संध्याकाळी ते चित्र एकदा उघडून पाहतो. सोनेरी प्रकाशात दोनशे पंखांच्या जोड्या, तपकिरी होऊ लागलेली डोकी, आणि कोपऱ्यात, हात पसरून धावणारे एक अजाण मूल. त्या सर्वांना, आणि त्या मुलालाही, मनापासून मिच्छामि दुक्कडम्.